कंबर धरते, ती पहाटेच का?

कोकणात कंबरदुखीला कारणांची कमतरता नाही. आंब्याच्या पेट्या उचलल्या म्हणून, लावणीला दिवसभर वाकून राहिले म्हणून, मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या ओढल्या म्हणून. आणि यातले काहीच लागू पडले नाही, तर मुंबई-गोवा महामार्ग आहेच. पंचविशीतल्या मुलाची कंबर धरली की घरचे सांगतात, ‘उसण भरली असेल. तेल चोळ आणि चार दिवस पडून राहा.’

बहुतेकांच्या बाबतीत हा सल्ला चालून जातो. काहींच्या बाबतीत मात्र पडून राहिल्यानेच दुखणे वाढते. रात्री दोन-तीनच्या सुमारास कंबर किंवा नितंबाचा भाग ठणकू लागतो, जाग येते, कूस बदलता येत नाही. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त वेळ पाठ लाकडासारखी ताठ असते. मग आंघोळ झाली, चार पावले चालणे झाले, कामाला लागले की दुखणे ओसरते. दुपारपर्यंत माणूस ठीक दिसतो, त्यामुळे घरच्यांना वाटते की हा सकाळी कामाला टाळाटाळ करतो. कधी उजवे नितंब दुखते, कधी डावे. टाचही दुखते. हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले आणि त्याची सुरुवात चाळिशीच्या आत झाली असेल, तर दोष आंब्याच्या पेटीचा नसण्याची शक्यता बरीच असते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मणक्याच्या आणि माकडहाडालगतच्या सांध्यांवर उलटलेली असते. या आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस.

या नावाने आपल्याकडे मोठा घोळ घातला आहे. मान दुखणारा प्रत्येक दुसरा माणूस ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे’ असे सांगतो. त्याला असतो तो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयोमानाने मणक्यांची होणारी झीज. झीज चाळिशी-पन्नाशीनंतर येते, कामाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस ऐन विशीत येतो, विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने कमी होतो. पहिल्यात हाड झिजते. दुसऱ्यात आधी दाह होतो आणि मग नको तिथे नवे हाड तयार होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठीचा कणा बांबूसारखा सलग होतो. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या या चित्राला डॉक्टर ‘बांबू स्पाइन’ असेच म्हणतात. असा माणूस पुढे झुकतो, त्याला मान वळवून मागे पाहता येत नाही. फासळ्यांचे सांधे आखडल्याने खोल श्वास घेणेही अवघड होते.

हा आजार नवा नाही. बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने सतराव्या शतकाच्या अखेरीस एका सांगाड्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात मणके, फासळ्या आणि माकडहाड मिळून जणू एकच हाड झाले होते. पण हे कोणाला होते आणि का होते, याचा पहिला धागा हाती लागायला १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये ब्रुअर्टन यांच्या आणि लॉस एंजेलिसमध्ये श्लॉस्टाइन, तेरासाकी यांच्या गटाने एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकच गोष्ट जाहीर केली. लंडनच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ निरोगी माणसांत ते फक्त तिघांमध्ये होते. अमेरिकेतल्या ४० रुग्णांपैकी ३५ जणांत ते होते. हे प्रथिन म्हणजे एचएलए-बी२७. एका जनुकाचा एका सामान्य आजाराशी इतका घट्ट संबंध वैद्यकाने त्याआधी क्वचितच पाहिला होता.

एचएलए जनुकांचा पुंजका आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतो. त्यांचे काम बाजारातल्या व्यापाऱ्यासारखे आहे. पेटी उघडून वरचे चार आंबे गिऱ्हाइकाला दाखवावेत, तशी प्रत्येक पेशी आपल्या आत कोणती प्रथिने तयार होत आहेत त्यांचे छोटे नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवते. एचएलए हे नमुने मांडण्याचे तबक आहे. रक्तातल्या टी-पेशी गिऱ्हाइकासारख्या फिरत फिरत हे नमुने तपासतात. नमुना ओळखीचा, आपल्याच शरीराचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा असेल तर ती पेशीच नष्ट करतात. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणून कोणता नमुना कोणाच्या तबकात नीट बसेल हेही वेगळे. बी२७ च्या तबकाला एक खोल खळगा आहे. साधारण नऊ अमिनो आम्लांचा आणि दुसऱ्या जागी आर्जिनिन असलेला तुकडा त्यात घट्ट बसतो.

आजाराच्या दृष्टीने हे तबक दोषी असेल, तर ते अजून माणसांत टिकले कसे? एक कारण असे दिसते की त्याचा फायदाही आहे. एचआयव्हीची लागण होऊनही औषधाविना वर्षानुवर्षे आजारी न पडणाऱ्या माणसांत बी२७ असणारे लक्षणीय प्रमाणात आढळतात. हेपटायटिस सीचा विषाणू स्वतःच्या बळावर शरीराबाहेर घालवणाऱ्यांतही ते अधिक दिसतात. हे तबक विषाणूचे नमुने फार चोख मांडते. तोच चोखपणा मणक्याला महागात पडतो, असा संशोधकांचा तर्क आहे.

बी२७ असलेल्या सगळ्यांना हा आजार होत नाही, आणि गैरसमज सर्वाधिक होतात ते इथेच. बी२७ असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण दोन ते पाच जणांनाच आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. भारतात बी२७ चे प्रमाण प्रदेशाप्रदेशात काही टक्क्यांच्या घरात फिरते. हिशेबापुरते शंभरात तीन धरले, तर जिल्ह्यात जवळपास ४८ हजार माणसे हे जनुक घेऊन वावरत असतील. त्यांतल्या हजार ते अडीच हजार जणांना आजार होईल. उरलेले ४५ हजारांहून अधिक लोक शेती करतील, बोटीवर जातील, नातवंडे खेळवतील आणि आपल्याकडे बी२७ आहे हे त्यांना कधी कळणारही नाही.

म्हणूनच कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाची बी२७ तपासणी करणे हा पैशाचा अपव्यय आहे. तरी ती सर्रास होते. मग कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आला की घरात रडारड, लग्न ठरत असेल तर लपवाछपवी, कुठे सोयरीकच मोडते. उलट बाजूही तितकीच फसवी आहे. भारतातल्या रुग्णांपैकी काहींमध्ये बी२७ नसतेच. त्यांना ‘तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तुम्हाला काही नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. या तपासणीला अर्थ असतो तो लक्षणे जुळत असताना, जोडपुरावा म्हणून. खरा पुरावा माकडहाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा. एक्स-रेमध्ये त्यांचे बदल दिसायला काही वर्षे जातात. एमआरआयमध्ये दाह बराच आधी दिसतो.

बी२७ हे एकच जनुक नाही, त्याचे शेकडो उपप्रकार आहेत. त्यांतले सगळे सारखे धोक्याचे नाहीत, ही या कहाणीतली विलक्षण गोष्ट. जगभर सर्वांत जास्त पसरलेला उपप्रकार २७:०५ आजाराशी जोडलेला आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर आढळणारा २७:०९ त्याच्यापेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळा आहे, पण त्याचा आजाराशी संबंध जवळजवळ नाही. इंडोनेशियाच्या बाजूला सापडणारा २७:०६ तसाच निरुपद्रवी, आणि चीन-भारतात आढळणारा त्याचा चुलतभाऊ २७:०४ मात्र आजार देणारा. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक-दोन मणी बदलले की तबकाच्या खळग्याचा आकार बदलतो, त्यात बसणारे नमुने बदलतात आणि माणसाचे नशीबही. भारतीय रुग्णांत २७:०५ आणि २७:०४ हे दोन प्रमुख, आणि काहींत २७:०७.

या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांतील एचएलए जनुके आणि स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांमधले बी२७ चे उपप्रकार तपासले आहेत. कोकणी माणसाला या परिसराची ओळख वेगळ्या कारणाने असते. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ शोधला. हा दुर्मीळ रक्तगट रत्नागिरी-सिंधुदुर्गासह दक्षिण महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत तुलनेने अधिक सापडतो. रक्तदात्यासाठी रात्री-अपरात्री फिरणारे निरोप इथल्या लोकांनी पाहिलेले आहेत. त्या रक्तगटाचा हिशेब सरळ आहे. आई आणि वडील दोघांकडून तेच जनुक आले की रक्तगट ठरला. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा हिशेब असा सुटत नाही. इथे एक जनुक पुरत नाही आणि पुष्कळ जनुकेही पुरत नाहीत.

जुळ्यांच्या अभ्यासातून हे चांगले कळते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे. साध्या जुळ्यांत, दोघांकडेही बी२७ असले तरी, ते पाव भागाच्या जवळपास. म्हणजे बी२७ खेरीज आणखी काही जनुके यात आहेत. ती कोणती, हे २००७ पासून उलगडू लागले. त्या वर्षी ब्रिटिश आणि अमेरिकी संशोधकांना हजारो लोकांच्या डीएनएची तुलना करताना दोन नावे सापडली: ईआरएपी१ आणि आयएल२३आर.

ईआरएपी१ हा पेशीतला अडकित्ता आहे. प्रथिनांचे लांबट तुकडे तबकात बसतील इतके आखूड करण्यासाठी हे विकर त्यांची टोके कातरते. या अडकित्त्याची धार माणसामाणसांत वेगळी. काहींचा वेगाने कातरतो, काहींचा मंद चालतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की मंद अडकित्ता असलेल्यांना आजाराचा धोका कमी असतो, पण हा फरक मुख्यतः बी२७ असलेल्यांतच पडतो. तबक नसेल तर अडकित्त्याच्या धारेने फारसे बिघडत नाही. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरची जनुके अशी हातात हात घालून चालतात हे माणसाच्या आजारांत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले आहे. चुकीच्या मापाचा नमुना चुकीच्या तबकात मांडला जातो आणि टी-पेशी त्यावर तुटून पडतात, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. दुसरी कल्पना अशी की बी२७ ची घडीच नीट बसत नाही आणि त्या ताणाने पेशी दाहाचे संदेश सोडू लागते. दोन्हींत तथ्य असू शकते.

पुढे धोक्याच्या जागांची यादी शंभराच्या वर गेली. त्यांतली बरीच जनुके क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी आणि सोरायसिसशीही जोडलेली आहेत. कंबर आणि आतडे यांचा संबंध सहज सुचणारा नाही, पण तो १९९४ मध्येच प्रयोगशाळेत दिसला होता. माणसाचे बी२७ जनुक घातलेल्या उंदरांना सांधेदुखी आणि आतड्याचा दाह होतो. तेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित जागेत वाढवले, तर होत नाही. म्हणजे जनुक ठिणगी असेल, तर सरपण आतड्यातल्या जिवाणूंकडून येते. २०२२ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने ही साखळी आणखी जोडली. रुग्णांच्या सांध्यांतून आणि डोळ्यांतून वेगळ्या केलेल्या टी-पेशींचा एक समान प्रकार तिथे सापडला. या पेशी बी२७ च्या तबकातला जिवाणूचा नमुनाही ओळखत होत्या आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाचा नमुनाही. दोन्ही दिसायला सारखे. चोर समजून घरच्याच माणसाला मार पडावा, तसा हा प्रकार.

डोळ्यांचा उल्लेख इथे उगाच आलेला नाही. या आजाराच्या रुग्णांपैकी पाव ते एक तृतीयांश जणांना कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह होतो. एकच डोळा एकाएकी लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. गावाकडे त्याला ‘डोळे आले’ म्हणून सोडून देतात. पण डोळे येतात तेव्हा चिकट पाणी येते आणि बहुधा दोन्ही डोळे धरतात. हा डोळा चोवीस तासांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवा, नाहीतर दृष्टीला धोका असतो. सजग नेत्रतज्ज्ञ अशा तरुणाला सहज विचारतात, ‘सकाळी कंबर धरते का?’ अनेकांचे निदान त्या प्रश्नाने होते.

एरवी ते होतच नाही, किंवा फार उशिरा होते. दिल्लीच्या डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षे गेल्याचे दिसले. या सात वर्षांत माणूस ‘गादी सरकली’ म्हणून वजने लावून घेतो, ‘मणक्यात गॅप’ म्हणून पट्टा बांधतो, मालिश करून घेतो. काहींना मणक्याचा क्षय समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जातात. भारतासारख्या देशात ही शंका घेणे चूक नाही, पण औषधाने फरक पडत नसतानाही तेच चालू ठेवणे चूक आहे.

क्षय पुढेही पाठ सोडत नाही. उपचाराचा पाया व्यायाम आणि दाहशामक गोळ्या. पोहणे, ताणाचे व्यायाम, खोल श्वसन आणि सिगारेट-बिडी बंद. धूम्रपानाने मणके जोडले जाण्याचा वेग वाढतो. संधिवातात उपयोगी पडणारे मेथोट्रेक्सेट इथे मणक्यावर चालत नाही. गोळ्यांनी भागले नाही तर टीएनएफ या दाहकारक रेणूला अडवणारी जैविक इंजेक्शने देतात. त्यांनी अंथरुणाला खिळलेली तरुण माणसे उभी राहिली आहेत. पण टीएनएफच शरीरात दबून असलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवतो. त्याला अडवले की जंतू मोकळे होतात. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते, आणि ती टाळून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडून उपचार घेऊ नयेत. किंमत हा दुसरा अडसर. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अ‍ॅडालिम्युमॅबची जगातली पहिली प्रतिकृती भारतात आणली आणि दर बरेच खाली आले. तरीही महिन्याचा खर्च बागायतदाराला जड वाटावा इतका आहे, मजुराचे सोडाच.

जनुकांवरून औषध सापडते का, याचे उत्तर इथे मजेशीर मिळाले. आयएल२३आर या जनुकाने बोट दाखवले म्हणून आयएल-२३ ला अडवणारी औषधे मोठ्या आशेने रुग्णांना देऊन पाहिली. सोरायसिसवर उत्तम चालणारी ही औषधे मणक्यावर सपशेल निष्प्रभ ठरली. त्याच साखळीतल्या पुढच्या आयएल-१७ ला अडवणारे सेक्युकिन्युमॅब मात्र चालले. असे का, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही.

रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न वेगळाच असतो: मुलांना होईल का? एका पालकाला आजार आणि बी२७ असेल, तर प्रत्येक अपत्याकडे ते जनुक येण्याची शक्यता निम्मी. आलेल्यांपैकी पाचांत साधारण एकाला आजार होतो. म्हणजे दहा मुलांमागे एक, आणि दहांपैकी नऊ मोकळी. लग्न मोडण्याइतका हा आकडा मोठा नाही. निरोगी लहान मुलांची तपासणी करून ठेवण्यातही काही हशील नाही, कारण आजार रोखण्याचे औषध नाही. लक्षणांवर लक्ष ठेवणे पुरेसे आहे.

रत्नागिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला जातात. या आजाराचे वय नेमके तेच, विशी ते तिशी. त्यामुळे गावच्या मुलाचे निदान परळच्या किंवा सायनच्या बाह्यरुग्ण विभागात होते. मागे राहिलेल्या बहिणीचे होत नाही. हा पुरुषांचाच आजार, असे वैद्यकाची पुस्तके कित्येक दशके सांगत आली. आता एमआरआयमुळे कळले आहे की सुरुवातीच्या टप्प्यात स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखे असते. बायकांच्या एक्स-रेमध्ये बदल सावकाश दिसतात, इतकेच. भिगवणसारख्या गावात पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा साधारण १८ टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांची दुखणी असल्याचे आढळले. घरी जाऊन विचारले म्हणून ती कळली. दवाखान्यात बसून मोजली असती तर बरीच सुटली असती.

लावणी उरकून आलेली बाई कंबर धरून बसली, तर तिला कोणी विचारत नाही की दुखणे कामाने वाढते की रात्रीच्या झोपेने. तिचा भाऊ मुंबईत याच आजाराचे इंजेक्शन घेत असेल, तर तिला हे विचारायलाच हवे, आणि उत्तर ‘झोपेने’ असे आले तर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या संधिवाततज्ज्ञाकडे तिची चिठ्ठी जायला हवी.